पत्त्यातला आकडा

मंडळाच्या मागच्या अभ्यासवर्गात मी हा विषय सुचवला तेव्हा दोघातिघांनी विचारलं, हा साहित्य मंडळाचा विषय की कॉम्प्युटर विभागाचा? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी एक चूक कबूल करावी लागेल, आणि ती चूक माझी आहे.

आपल्या ई-अंकाचं वेबवरचं पान आमच्या आधीच्या बॅचने बांधलं. पुस्तकासारखी पानं उलटावीत, ही त्यांची हौस. त्यासाठी लागणारा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला नव्हता. असे तयार प्रोग्राम फुकट देणारी सार्वजनिक कोठारं वेबवर असतात, त्यांना रिपॉझिटरी म्हणतात. आपण आपल्या पानात त्या फाईलचा पत्ता लिहून ठेवायचा. कुणी पान उघडलं की ती फाईल त्या पत्त्यावरून आपोआप येते. ती बॅच पास झाली, पासवर्ड माझ्याकडे आला आणि ‘वेबचं हिला कळतं’ अशी माझी ख्याती पसरली. खरं म्हणजे मला फोटो चढवता येत होते, एवढंच.

गेल्या चवथीच्या सुटीत, रविवारी सकाळी, एका बाईंचा फोन आला. बाई आपल्या कॉलेजच्या जुन्या विद्यार्थिनी, वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी आपल्या अंकात वडिलांच्या पेटीवर लेख लिहिला होता. पेटी म्हणजे हार्मोनियम. भजनाला वडील ती वाजवायचे. चवथीला मुंबईहून धाकटी बहीण आली होती आणि तिला तो लेख दाखवायचा होता. “अगं बाय, माझा लेख दिसत नाही. वर अंकाचं नाव आहे, खाली सगळं पांढरं.”

मी लॅपटॉप उघडला. लेख समोर होता, पानं छान उलटत होती. मी म्हटलं, “बाई, इथे दिसतंय. तुमचं नेट बघा.” दुपारी परत फोन. मी म्हटलं, पान रिफ्रेश करा. सोमवारी परत. तेव्हा मी जरा वैतागून म्हटलं, “बाई, तुमच्या मोबाइलमध्येच काहीतरी आहे, घरातल्या कुणा मुलाला दाखवा.” त्या “बरं” म्हणाल्या आणि फोन ठेवला. मंगळवारी बहीण मुंबईला गेली. लेखाचं हस्तलिखित माझ्या कपाटात होतं. त्याचे चार फोटो काढून पाठवावेत, एवढंसुद्धा मला सुचलं नाही.

बुधवारी माझा मावसभाऊ घरी आला. तो सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सहज म्हणून त्याला अंक दाखवायला गेले, तर त्याच्या मोबाइलवरही सगळं पांढरं. त्याने पानाच्या आतला मजकूर उघडून पाहिला आणि कोंकणीत एकच प्रश्न विचारला. मराठीत तो असा : या पत्त्यात आकडा कुठे आहे?

आकडा नव्हता. आकड्याच्या जागी ‘लेटेस्ट’ हा शब्द होता. म्हणजे, सर्वांत नवी असेल ती आवृत्ती द्या. दोन वर्षं त्या पत्त्यावरून एक फाईल येत होती. त्या आठवड्यात तिच्या कर्त्यांनी नवी आवृत्ती काढली आणि प्रोग्रामला हाक मारायची जुनी रीत तीतून काढून टाकली. आपलं पान जुन्याच रीतीने हाक मारत राहिलं, आणि नव्या फाईलला ती हाक कळेना. मग मला कसं दिसत होतं? ब्राउझर एकदा आणलेली फाईल काही दिवस जपून ठेवतो. माझ्या लॅपटॉपमध्ये जुनी फाईल पडून होती, तीच मला दिसत होती. बाईंचा मोबाइल मात्र पत्त्यावर जाऊन प्रामाणिकपणे नवी फाईल आणत होता.

म्हणजे एकाच पत्त्यावर आम्ही दोघी दोन वेगळ्या वस्तू बघत होतो, आणि मी त्यांना सांगत होते की तुम्हालाच बघता येत नाही. या लेखात मला जे म्हणायचं आहे ते इथेच आहे. पत्त्यात आकडा नसला, तर दोन माणसं एकच वस्तू पाहत आहेत की नाही, हे त्या पत्त्यावरून कळायला मार्ग नसतो.

आता हा साहित्याचा विषय आहे की नाही, तुम्हीच ठरवा. वर्गात कुणी ‘पान ८७’ म्हणालं की सर आधी विचारतात, आवृत्ती कुठली? आपण हसतो, पण प्रकल्पाला गुण द्यायची वेळ आली की त्याच प्रश्नावर गुण जातात.

सॉफ्टवेअरवाल्यांचा आकडा कसा असतो ते पाहू. बहुतेक ठिकाणी तो तीन भागांत लिहितात, मध्ये टिंब. उदाहरणार्थ ३.७.१. या पद्धतीचे नियम गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर, यांनी लिहून काढले. शेवटचा आकडा वाढला तर फक्त चुका दुरुस्त झाल्या. आपल्याकडे शुद्धिपत्र लावून पुनर्मुद्रण निघतं, तसं. मधला वाढला तर नवं काही जोडलं गेलं, पण जुनं तसंच चालतं. ‘परिशिष्टासह आवृत्ती’ म्हणा. पहिला वाढला तर सावध व्हायचं, कारण जुनं काहीतरी मोडलेलं किंवा काढून टाकलेलं आहे. आपलं पान पांढरं पडलं तेव्हा पहिला आकडाच वाढला होता.

सगळेच हा नियम पाळतात असं मात्र नाही. डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामचा आकडा पायकडे सरकतो : ३.१४, ३.१४१, ३.१४१५ असा, प्रत्येक वेळी एक अंक पुढे. आपल्या मृत्यूनंतर तो आकडा पाय करून टाकावा आणि उरलेल्या चुकांना चुका म्हणू नये, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. विषयाशी याचा फारसा संबंध नाही, पण संपादन करणाऱ्या माणसाला ही इच्छा आवडेल म्हणून सांगितलं.

हा आकडा पत्त्यात कसा बसतो, ते जेएसडेलिव्हर या सार्वजनिक कोठारावर चांगलं दिसतं. तिथे फाईलच्या नावापुढे ॲटचं चिन्ह आणि मग आकडा. पूर्ण ३.७.१ लिहिलं तर नेमकी तीच फाईल येते, आज आणि पुढच्या वर्षीही. नुसतं ३.७ लिहिलं तर ३.७ च्या घरातली सर्वांत नवी येते. नुसतं ३ लिहिलं तर तिसऱ्या पिढीतली सर्वांत नवी. काहीच लिहिलं नाही तर जी सर्वांत नवी असेल ती. म्हणजे किती टिंबांपर्यंत लिहायचं, यावरून किती बदल सोसायची आपली तयारी आहे हे ठरतं. ‘अमुक प्रकाशनाची प्रत’, ‘अमुक साली निघालेली प्रत’ आणि ‘ग्रंथालयातली ती कोपरा दुमडलेली प्रत’ यांत जेवढा फरक, तेवढाच इथेही.

आपल्या आधीच्या बॅचने ‘लेटेस्ट’ का लिहिलं असेल, हे मला समजतं. शब्दच तसा आहे. ताजं, नवं, चांगलं. आकडा लिहिला की वाटतं, आपण जुनं काहीतरी धरून बसलोय. या शब्दाला मोठमोठे फसले आहेत, आणि याचं सगळ्यात नमुनेदार उदाहरण जेक्वेरीचं.

जेक्वेरी हा जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये काढलेला प्रोग्राम. एके काळी वेबवरची असंख्य पानं त्यावर चालत. त्यांच्या स्वतःच्या कोठारात ‘जेक्वेरी-लेटेस्ट’ नावाची एक फाईल होती. लोकांनी उदाहरणातला पत्ता जसाच्या तसा उचलून आपल्या पानात डकवला. जानेवारी २०१३ मध्ये १.९ ही आवृत्ती आली आणि तिच्यातून बऱ्याच जुन्या सोयी काढल्या गेल्या. एप्रिल २०१३ मध्ये २.० आली, तिने इंटरनेट एक्सप्लोररच्या सहा, सात आणि आठ या आवृत्त्यांना रामराम ठोकला. आता कर्त्यांसमोर पेच पडला. ‘लेटेस्ट’ या नावाशी प्रामाणिक राहून त्या पत्त्यावर २.० ठेवावी, तर जगभरची पानं एका रात्रीत मोडतील, आणि ती ज्यांची आहेत त्यांना कारणही कळणार नाही. जुलै २०१४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की लेटेस्ट नावाची ही फाईल यापुढे १.११.१ वरच थांबेल, आणि कृपा करून कुणी हा पत्ता वापरू नका. त्यानंतर जेक्वेरीची तिसरी पिढीसुद्धा आली. ‘लेटेस्ट’ मात्र १.११.१ वरच राहिलं. नाव ‘ताजं’, आतला माल २०१४ चा. मराठीत आपण आंधळ्याचं नाव डोळसकर ठेवलं की हसतो. इथे तर नाव ठेवणाऱ्यांनाच नावापायी हात बांधून घ्यावे लागले.

त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. पहिल्या दिवशी पत्त्यात आकडा सक्तीचा केला असता तर हा प्रसंग आला नसता, एवढंच.

पण आकडा लिहिला आणि सुटलो, असंही नाही. इथे दुसरी बाजू येते, आणि तिच्यासाठी डेबियनकडे जावं लागतं. डेबियन ही लिनक्सची जुनी आणि मानाची शाखा. तिच्या प्रत्येक आवृत्तीला आकडा असतो आणि ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या एका पात्राचं नावही असतं. बारावीचं नाव बुकवर्म. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ते लक्षात ठेवायला हरकत नाही! ती १० जून २०२३ ला आली, आणि तेरावी, ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला. सिनेमात खेळणी मोडणारा जो सिड नावाचा मुलगा आहे, त्याचं नाव कायम अस्थिर शाखेला दिलेलं आहे.

डेबियनच्या यंत्रात एक छोटी फाईल असते. नवे प्रोग्राम कुठून आणायचे त्याचे पत्ते तीत लिहिलेले असतात. त्या पत्त्यापुढे तुम्ही ‘बुकवर्म’ लिहू शकता किंवा ‘स्टेबल’, म्हणजे ‘सध्याची स्थिर’. ८ ऑगस्ट २०२५ ला दोन्हींचा अर्थ एकच होता. ९ तारखेला ‘स्टेबल’ या शब्दाने बुकवर्म सोडलं आणि ट्रिक्सीकडे बोट दाखवायला सुरुवात केली. ज्याने ‘स्टेबल’ लिहिलं होतं त्याने पुढच्या वेळी नेहमीसारखं अपडेट करायला घेतलं, की त्याच्या यंत्राने घरच बदलायला काढलं. ज्याने ‘बुकवर्म’ लिहिलं होतं तो जागेवर राहिला.

मग बुकवर्मवालाच शहाणा? आजपुरता हो. पण नावाला आयुष्य असतं. आवृत्ती म्हातारी झाली की तिला दुरुस्त्या मिळायच्या थांबतात, आणि काही काळाने तिच्या फाईली मुख्य कोठारातून उचलून जुन्यांच्या वेगळ्या कोठारात ठेवतात. जुना पत्ता लिहून निवांत बसलेल्या माणसाला एक दिवस उत्तर येतं, असं इथे काही नाही. वस्तू हरवलेली नसते, फक्त दुसरीकडे गेलेली असते. पण पत्त्याला ते सांगता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे, मधल्या काळात त्या जुन्या प्रोग्रामात चोर शिरण्यासारखी भोकं सापडलेली असतात आणि याच्याकडे ती उघडीच असतात. आकडा लिहिणं म्हणजे ‘हा आकडा मी कधीतरी स्वतः बदलेन’ अशी जबाबदारी घेणं. ‘लेटेस्ट’ लिहिणारा तीच जबाबदारी न बघता दुसऱ्यावर टाकतो. मला यातला पहिला आळस परवडतो, कारण तो निदान माझ्या हातात असतो.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये, पत्ते बदलू नयेत या विषयावर एक छोटं टिपण लिहिलं. पत्त्यात काय घालू नये याची यादी त्यात आहे. लेखकाचं नाव नको, कारण लेखक बदलतो. विषय नको, कारण विषयांची वाटणी बदलते. आणि ‘जुनं’, ‘कच्चं’, ‘लेटेस्ट’ असे अवस्था सांगणारे शब्द नकोत, कारण अवस्था तर बदलण्यासाठीच असते. हे वाचून मी थक्क झाले. आमची चूक माझ्या जन्माआधी लिहून ठेवलेली होती.

त्यांनी स्थापन केलेली डब्ल्यूथ्रीसी ही संस्था वेबचे नियम प्रसिद्ध करते. तिने या पेचातून वाट काढली आहे, आणि ती मला सगळ्यात पटते. प्रत्येक नियमग्रंथाच्या डोक्यावर दोन पत्ते छापलेले असतात : एक ‘ही आवृत्ती’ आणि दुसरा ‘सर्वांत नवी आवृत्ती’. एचटीएमएल ४.०१ चंच बघा. त्याच्या एका पत्त्यात १९९९ हे साल आणि २४ डिसेंबर १९९९ ही पूर्ण तारीख आहे, तो कधी हलत नाही. दुसरा पत्ता छोटा, तारीख नसलेला. ज्याला उद्धृत करायचं आहे त्याने पहिला घ्यावा, ज्याला आजचा नियम हवा आहे त्याने दुसरा. शास्त्रीय लेखांचं अर्काइव्ह हे संकेतस्थळही हेच करतं. लेखाच्या क्रमांकामागे काही लावलं नाही तर नवा मसुदा उघडतो, ‘व्ही१’ लावलं तर पहिला मसुदा जसाच्या तसा. म्हणजे भांडण आकडा की लेटेस्ट असं नाहीच. दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांना दोन पत्ते हवेत.

तुम्ही हे आत्ता करून बघू शकता. मराठी विकिपीडियावर कुठलाही लेख उघडा, वरच्या इतिहासाच्या टॅबवर जा आणि एखाद्या जुन्या तारखेवर टिचकी मारा. पत्त्याच्या शेवटी एक लांब आकडा दिसेल. तो त्या दिवसाच्या मजकुराचा आकडा. मध्ये कुणी लेख बदलला, बिघडवला, सुधारला, तरी त्या पत्त्यावर तुम्ही पाहिलेलाच मजकूर राहतो. प्रकल्पाच्या संदर्भसूचीत विकिपीडिया द्यावा की नाही, हा वाद सर आणि तुम्ही मिटवा. पण द्यायचाच असेल तर हा पत्ता द्या. गिटहबवर एखादी फाईल पाहत असाल तर कीबोर्डवरचं वाय दाबा, पत्त्यातलं शाखेचं नाव जाऊन तिथे लांबलचक अक्षरांकांची माळ येते. तिच्याबद्दल पुढे बोलते.

कारण आता अवघड भाग आहे. आकडा हा शेवटी कुणीतरी चिकटवलेलं लेबल असतो, आणि लेबल काढून दुसऱ्या डब्याला लावता येतं. मार्च २०२५ मध्ये नेमकं हेच झालं. गिटहबवर टीजे-ॲक्शन्स यांचं ‘चेंज्ड-फाईल्स’ नावाचं एक हत्यार आहे. २३,००० हून अधिक रिपॉझिटरी ते वापरत होत्या. कुणीतरी आत शिरला आणि त्याने जुन्या आवृत्त्यांची लेबलं उचलून आपल्या घातक फाईलला लावली. ज्यांनी पत्त्यात आवृत्तीचा आकडा नीट लिहिला होता, त्यांच्याही घरी ती फाईल आली आणि त्यांची गुपितं कामाच्या नोंदवहीत छापून गेली. आकडा तोच, वस्तू दुसरी.

वाचले ते कोण? ज्यांनी आकड्याऐवजी ती लांब माळ लिहिली होती ते. तिला हॅश म्हणतात. गिटमध्ये ती साधारणपणे चाळीस अक्षरांकांची असते, आणि ती कुणी ठरवून देत नाही, मजकुरावरूनच गणिताने निघते. मजकुरात एक अनुस्वार जरी बदलला तरी पूर्ण माळ बदलते. अंगठ्याचा ठसा म्हणा. आकडा म्हणतो, ‘मला हे नाव दिलं आहे’. ठसा म्हणतो, ‘मी हाच आहे’. तोट्याची बाजू अशी की ठसा वाचून माणसाला काहीच कळत नाही. त्यामुळे शहाणे लोक ठसा लिहितात आणि बाजूला टीप म्हणून आकडा.

आणि लेबल जागेवर असलं, पण डबाच उचलून नेला तर? मार्च २०१६ मध्ये अझर कोचुलु या प्रोग्रामरने एका नावावरून झालेल्या वादानंतर एनपीएम या कोठारातून आपल्या सगळ्या वस्तू काढून घेतल्या. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अकरा ओळींची एक फाईल होती. तिचं काम एवढंच, की शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरायच्या. तिच्यावर अवलंबून असलेली हजारो कामं त्या दिवशी अडली. सगळ्यांच्या यादीत तिचा आकडा बरोबर लिहिलेला होता. आकड्याखाली काही नव्हतं. शेवटी कोठारवाल्यांनी ती परत ठेवली आणि वस्तू काढून घेण्याचे नियम कडक केले.

हे वाचताना मला ‘ख्रिस्तपुराण’ आठवलं, आणि इथून मी परत आपल्या अंगणात येते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा निघालं. आपण ही तिन्ही सालं परीक्षेत लिहितो. पण या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. आकडे आहेत, त्यांच्याखाली वस्तू नाही. आपण जे वाचतो ते नंतर हस्तलिखितांवरून उभं राहिलेलं : १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणा यांनी रोमन लिपीत काढलेली आवृत्ती, किंवा १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणलेली. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथातली एखादी ओवी सांगताना पुढे नुसतं ‘ख्रिस्तपुराण, १६१६’ लिहिणं म्हणजे रिकाम्या पत्त्याकडे बोट दाखवणं. गेल्या वर्षीच्या माझ्या निबंधात मी तसंच लिहिलं होतं. बाईंनी लाल शाईने ‘ही प्रत तुम्ही कुठे पाहिलीत?’ असा शेरा मारला होता. तेव्हा तो मला खवचट वाटला. आता वाटतं, मावसभावाने विचारलेलाच प्रश्न तो.

आता आपल्या अंकाबद्दल. पांढरं पान दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली : ‘लेटेस्ट’ खोडलं, जुना पूर्ण आकडा लिहिला. त्याच्याजवळ फाईलचा ठसाही लिहिला. ब्राउझर आलेली फाईल त्या ठशाशी ताडून बघतो आणि जुळली नाही तर ती चालवतच नाही. जुन्या अंकांसाठी एवढ्यावर भागवलं नाही. त्यांच्याकडे पुढे कुणी बघणार नाही, हे मी गृहीत धरलं आणि ती फाईलच आपल्या फोल्डरमध्ये आणून ठेवली, नावात आकडा तसाच ठेवून. चालू अंकाच्या आकड्याकडे दर जूनमध्ये बघायचं, असं पासवर्डच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलंय. मी मेमध्ये पास होईन. वही कुणाकडे जाणार, ते अजून ठरलेलं नाही. ज्यांना रस आहे त्यांनी कृपया मला भेटावं.

पण ते करताना एक आमचंच पाप सापडलं. लेखकांना आपण जी लिंक पाठवत होतो, तिचा पत्ता ‘चालू अंक’ असा होता. पुढचा अंक निघाला की त्याच लिंकवर दुसऱ्यांचे लेख. म्हणजे फाईल मोडली नसती, तरी डिसेंबरमध्ये बाईंची पेटी त्या पत्त्यावरून नाहीशी झालीच असती, आणि मी परत म्हटलं असतं की नेट बघा. आता प्रत्येक अंकाच्या पत्त्यात साल आणि अंकाचा क्रमांक आहे. ‘चालू अंक’ही ठेवलाय, पोस्टरवर छापायला तो बरा पडतो.

एका मुद्द्यावर मंडळात अजून वाद आहे. लेख प्रसिद्ध झाल्यावर चूक सापडली तर गुपचूप दुरुस्त करायची, की दुरुस्त लेखाला नवा आकडा द्यायचा? काही जण म्हणतात, एका वेलांटीसाठी एवढा खटाटोप कशाला. वेलांटीपुरतं मलाही पटतं. पण अर्थ बदलत असेल तिथे आकडा बदलावा आणि आधीचा पाठही उघडता यावा, असं माझं मत आहे. ते मी बाईंच्या लेखावर वापरून पाहिलं.

झालं असं की, लिंक नव्याने पाठवली तेव्हा बाईंनी लेख पुन्हा वाचला आणि आमच्या टंकलेखनातली चूक काढली. वडील भैरवी वाजवत, आम्ही भैरव छापला होता. मी दुरुस्त केलं, पत्त्याच्या शेवटी २ लावला, खाली तारीख आणि काय बदललं त्याची एक ओळ टाकली. १ चा पत्ताही चालू ठेवला.

बाई म्हणाल्या, “अगं, ती चुकीची कशाला ठेवलीस? काढून टाक.”

मी सांगितलं की, १ ची लिंक मी आधीच तुमच्या बहिणीला पाठवली होती. तिने मुंबईत तिचा कागदावर प्रिंट काढून घेतलाय, मुलांनाही दिलाय. उद्या कुणी तो कागद घेऊन ‘हा भैरव कुठून आला’ म्हणून विचारलं, तर दाखवायला काहीतरी पाहिजे.

बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तिच्याकडे भैरव आणि माझ्याकडे भैरवी. असू दे. नाहीतरी लहानपणापासून आमचं त्यावरूनच भांडण.”